श्वास अडला की मेंदूचं काय होतं?

मैत्रिणींनो, सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. कुणाचं माहेर तिकडचं, कुणाच्या सासऱ्यांची हळद एकेकाळी तिथं ठेवलेली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खणलेलं, वर तोंड लहान आणि आत रुंद होत गेलेलं कोठार म्हणजे पेव. आत पाला, चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षं गेली तरी हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात बरीच पेवं खराब झाली, आता गोदामं आली. पण जुनी माणसं एक गोष्ट आवर्जून सांगतात. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. विझला तर थांबायचं.

कीड का लागत नाही आणि कंदील का विझतो, दोन्हींचं कारण एकच. बाहेरच्या हवेत शंभरातला एकवीस भाग ऑक्सिजन असतो. बंद पेवात हळद, पाला, बुरशी, किडे मिळून तो संपवत जातात आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन नाही म्हणून किडे मरतात, हळद टिकते. तसाच माणूस आत उतरला तर त्याला गुदमरल्यासारखं वाटायलाही वेळ मिळत नाही. दोन-चार श्वासांत डोळ्यांपुढं अंधारी येते आणि तो खाली बसतो. वरच्यांना वाटतं, दमला असेल.

अशा माणसाला पाच-दहा मिनिटांनी वर काढलं, श्वास परत सुरू झाला, की गाव म्हणतं, "वाचला बाबा!" खरं आहे, जीव वाचला. पण पुढं तोच माणूस घरातल्यांना ओळखत नाही, घास गिळत नाही, हात वाकडा धरून बसतो, किंवा नुसताच हसतो नाही तर रडतो. मग लोक बाहेरचं काही लागलं म्हणतात, अंगारे-धुपारे होतात. खरं कारण मेंदूत असतं. त्या पाच-दहा मिनिटांत मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही आणि त्याचा काही भाग मेला. दवाखान्याच्या कागदावर याला "हायपॉक्सिक ब्रेन इंज्युरी" लिहितात. बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर "बर्थ अस्फेक्सिया" किंवा "एच.आय.ई." ही अक्षरं दिसली तर तीसुद्धा याच गोष्टीची. अशा माणसाची पुढची सेवा बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते. म्हणून हा विषय आपण समजून घेऊ.

मेंदूचं वजन आपल्या अंगाच्या वजनाच्या पन्नासाव्या भागाइतकं. पण अंगाला मिळणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि आपण झोपलो तरी खातो. शिवाय त्याच्याकडं शिल्लक नसते. आपल्या गटात बचत असते, अडचणीला त्यातून काढता येतं. हाताच्या स्नायूला रक्त कमी पडलं तर तोही काही काळ तग धरतो. मेंदूचा सगळा कारभार रोजच्या मजुरीवर. रक्त पोहोचायचं थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. चार-पाच मिनिटं झाली की मेंदूतल्या पेशी मरायला लागतात. दहा मिनिटं झाली तर फार मोठं नुकसान होतं. कातडीला जखम झाली तर नवी कातडी येते, हाड मोडलं तर जुळतं, पण मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. शेजारच्या पेशी थोडंफार काम शिकतात, लहान मुलांत जास्त शिकतात. व्यायाम-सरावाचा उपयोग होतो तो एवढ्यासाठीच.

मेंदूचे सगळे भाग सारखे चिवटही नसतात. नवीन गोष्ट लक्षात ठेवणारा भाग सगळ्यात नाजूक. त्यामुळं थोडक्यात वाचलेल्या माणसाला लग्नातलं सगळं आठवतं, पण सकाळी भाकरी खाल्ली की नाही ते आठवत नाही. हातापायांची हालचाल जुळवणारे भागही लवकर मरतात. आणि छातीचे ठोके नि श्वास चालवणारा मेंदूच्या बुडाचा भाग त्यामानानं चिवट. म्हणूनच श्वास चालू, डोळे उघडे, पण माणूस "आत" नाही, अशी अवस्था होऊ शकते.

कोरोनात आशाताईंनी बोटाला लावून बघितलेलं ते चिमट्यासारखं यंत्र आठवतंय ना? ऑक्सिमीटर. ते रक्तातला ऑक्सिजन मोजतं. पंच्याण्णवच्या वर आकडा ठीक. तेव्हा काही माणसं आकडा ऐंशीवर आला तरी बोलत-चालत होती, कारण आकडा हळूहळू उतरला होता आणि हृदय चालू होतं. आपण ज्याबद्दल बोलतोय ते वेगळं. इथं श्वासच बंद पडतो, काही क्षणांत सगळं होतं आणि यंत्र शोधायला वेळ नसतो.

पेवाचा विषय निघालाच आहे तर विहिरीचंही सांगते. गाळ काढायला जुन्या विहिरीत, बायोगॅसच्या टाकीत किंवा संडासाच्या टाकीत माणूस उतरतो आणि वर येत नाही. त्याला बघायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली दोन-तीन माणसं जायची ही रीत आहे, आणि यात दुसरा नि तिसरा माणूस नुसत्या मायेपोटी जातो. अशा वेळी घरातल्या बाईनं दार अडवून उभं राहावं लागलं तरी राहावं. उतरायचंच असेल तर आधी कमरेला दोरी आणि वर ओढायला चार माणसं. नाही तर १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. विहिरीत डिझेल इंजिन चालवून तिथंच काम करायचं हा तर अगदीच जिवाशी खेळ. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातली ऑक्सिजनची जागाच बळकावून बसतो. आणि त्याच्यापुढं आपली कंदिलाची परीक्षा चालत नाही, कारण कंदील जळत राहतो आणि माणूस पडतो.

हाच वायू बाळंतिणीच्या खोलीत येतो, हे मात्र फार जणींना माहीत नाही. थंडीत दारं-खिडक्या बंद, खालच्या बाजूला कोळशाची शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी. आई आणि बाळ दोघं आत. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. आपण म्हणतो बाळंतीण दमली. शेक द्यायचा तर निखारे बाहेर फुलवून, दार उघडं ठेवून, शेकून झाल्यावर शेगडी बाहेर न्यायची. शेगडी आत ठेवून झोपायचं नाही, म्हणजे नाहीच. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला ज्यांना थंडी जास्त, त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझरही याच जातीचा. या वायूचं आणखी एक वाईट आहे. माणूस बरा होऊन घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी विसराळू होतो, चालताना अडखळतो. असं झालं तर ती नाटकं समजू नका, परत दवाखान्यात न्या आणि शेगडीची गोष्ट डॉक्टरांना सांगा.

आता बाळाकडं येऊ. खरं तर सगळ्यात जास्त काम इथंच आहे.

पोटात असताना बाळ स्वतः श्वास घेत नाही. वार आणि नाळेतून त्याला ऑक्सिजन मिळतो. प्रत्येक कळ आली की तेवढ्यापुरता पुरवठा कमी होतो, कळ गेली की पूर्ववत होतो. निरोगी बाळ हे सहन करतं. पण कळा फार वेळ चालल्या, दोन कळांमध्ये उसंतच मिळाली नाही, नाळ दाबली गेली, वार आधीच सुटली, आईचं बीपी फार वाढलं किंवा अंगात रक्त फार कमी असलं, तर बाळ गुदमरायला लागतं. तेव्हा ते पोटातच शी करतं, त्याचे ठोके मंदावतात. म्हणून बाळंतपणात नर्सबाई दर थोड्या वेळानं पोटाला यंत्र लावून ठोके मोजतात. मोजत नसतील तर विचारा, "सिस्टर, ठोके बघता का?" यात कसला उद्धटपणा नाही. आणि घरी किंवा कुणा खासगी माणसाकडून "लवकर मोकळी व्हावी" म्हणून कळा वाढवायचं इंजेक्शन घेऊ नका. त्यानं कळांमधली उसंत संपते, आणि बाळ श्वास घेतं ते त्या उसंतीतच. तेच इंजेक्शन दवाखान्यात ठोके बघत, थेंब मोजत देतात, ती गोष्ट वेगळी.

शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी झाली, अंगावरून रक्त गेलं, हिरवट पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर सकाळची वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन. सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, जेवण, गाडी हे सगळं मोफत आहे, आजारी बाळाचंसुद्धा. पैसे नव्हते म्हणून थांबलो, असं व्हायला नको. तरीही वरखर्च लागतोच, म्हणून काही ग्रामसंघ जोखीम निधीतून बाळंतपणासाठी लगेच रक्कम देतात. तुमच्याकडं ती रक्कम द्यायला कोणाकोणाच्या सह्या लागतात आणि रात्री दोन वाजता त्या मिळतील का, हे एकदा बैठकीत बघून ठेवा.

जन्मलेल्या शंभर बाळांपैकी साधारण दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला थोडी मदत लागते. बहुतेकांना कोरडं पुसून पाठ चोळली की पुरतं. काहींना पिशवी आणि मास्कनं हवा द्यावी लागते. हे पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावं लागतं. आपल्याकडं पूर्वी काय करत? बाळाला पाय धरून उलटं टांगायचं, पाठीत रट्टे द्यायचे, गार पाणी मारायचं, थाळी वाजवायची. काही ठिकाणी नाळ न तोडता वार गरम करत बसायचे. हेतू चांगलाच होता. पण यात मिनिटं जातात, गार पाण्यानं बाळ आणखी गारठतं, आणि हवा काही आत जात नाही.

हे काम गावातली बाई करू शकते का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं हे करून दाखवलं. तिथल्या ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी होणाऱ्या बाळंतपणाला त्या हजर राहायच्या, बाळ रडलं नाही तर तोंडातला चिकटा काढून मास्कनं हवा द्यायच्या, बाळाला उबदार ठेवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानानं तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली हे "लॅन्सेट" या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आज आशाताई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागं या गडचिरोलीच्या बायकांचं काम आहे. आशाताई आली की "आत्ताच तर दवाखान्यातून आलोय" म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.

आपल्या शिवारात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या मोकळ्या जागेत कोप्या पडतात. त्यातल्या गरोदर बाईचं नाव आपल्या गावच्या यादीत नसतं, तिला इथली आशाताई माहीत नसते, आणि कोपीतलं बाळंतपण अंधारात होतं. ती आपल्या गटाची सभासद नाही, हे खरंच. तरी तिच्या मुकादमाला १०८ नंबर आणि उपकेंद्राची वाट सांगायला आपल्याला कोण अडवतं?

जन्मताच न रडलेलं प्रत्येक बाळ अपंग होतं असं नाही. बरीच बाळं पूर्ण नीट होतात. ज्यांना जास्त मार बसतो त्यांना पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येतात, ती दूध ओढत नाहीत, अंग एकदम ढिलं किंवा ताठ असतं. अशांना नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात ठेवतात. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीला पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, ही आपली मोठी सरकारी रुग्णालयं. श्वास, साखर, झटके सांभाळता येतात, पण मेलेल्या पेशी जिवंत करणारं औषध जगात कुठंच नाही. श्रीमंत देशांत अशा बाळाचं अंग तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार करतात. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत तो मोठ्या प्रमाणावर करून बघितला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की आपल्याकडच्या बाळांना त्याचा फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. घरी येताना मात्र बाळाला ऊबच हवी, हे विसरू नका.

आणि आता जरा रागानं लिहिते. मूल सहा महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, एक हाताची मूठ कायम आवळलेली, बसत नाही, असं दिसलं की पहिला प्रश्न आईला. ग्रहणात विळी धरली होती का? काय खाल्लं? डोहाळ्यात कुणाच्या दारात गेली होतीस? सेरेब्रल पाल्सी हा मेंदूच्या इजेचा परिणाम. ती इजा जन्मताना ऑक्सिजन कमी पडल्यानं होते, तशी फार आधी जन्मल्यानं, जन्मल्यावर कावीळ फार वाढल्यानं, मेंदूच्या जंतुसंसर्गानं किंवा पोटातच मेंदूची वाढ नीट न झाल्यानंही होते. ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही. आणि कळा सोसत पडलेल्या बाईच्या हातात त्यातलं काय होतं? तिला गटाच्या बैठकीत असा प्रश्न कुणी विचारला तर अध्यक्षांनी तिथंच थांबवावं.

पाण्याची गोष्ट आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नवी नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला महापुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. त्यात बायका आणि लेकरं जास्त होती. पूर मात्र रोज येत नाही. रोजचा धोका आहे तो विहिरीचा, कालव्याचा आणि शेततळ्याचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्यानं आटपाडी, कवठेमहांकाळ, जतचं शिवार हिरवं केलं, पण तिथल्या पोरांना पोहायला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण पोहायला पाणी नव्हतं. आणि शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की पोहता येणारा गडीही कडेला येऊन वर चढू शकत नाही. चारही कडांना गाठी मारलेले दोर किंवा जुने टायर बांधून सोडले तर काही शेकड्यांत काम होतं. कुंपण त्याहून बरं.

बुडालेल्याला बाहेर काढलं की आपल्याकडं पहिलं काम काय होतं? पालथं घालून पोट दाबायचं, नाही तर खांद्यावर घेऊन गरागरा फिरवायचं, पाणी निघावं म्हणून. पोटातलं पाणी निघतं, पण माणूस पोटातल्या पाण्यानं मरत नाही, मेंदूला हवा न मिळाल्यानं मरतो. त्या फिरवण्यात ती चार मिनिटं संपतात, आणि उलटी छातीत जायची भीती वेगळीच. हाक मारून, खांदे हलवून बघा. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही (मध्येच एखादा आचका येतो, तो श्वास नव्हे), तर एकीनं १०८ लावायचा आणि दुसरीनं उताणं झोपवून कामाला लागायचं. हनुवटी वर उचला म्हणजे जीभ मागं पडून वाट अडवणार नाही. नाक चिमटीत दाबा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावून छाती वर येईल एवढी हवा द्या, दोनदा. मग छातीच्या मधोमध हाडावर तळहाताचा मागचा भाग ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबायचं. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस वेळा दाबायचं, दोनदा हवा, परत तीस. दमलात तर दुसरीनं घ्यायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला दोन बोटांनी दाबायचं आणि त्याचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन हलकी फुंकर घालायची. बरगडी मोडेल म्हणून भिऊ नका, बरगडी जुळते. परका पुरुष आहे, तोंडाला तोंड कसं लावू, असं वाटलं तर निदान छाती दाबणं तरी सोडू नका.

शेंगदाण्याचंही तसंच. आपल्याकडं शेंगा घरोघरी, आणि दोन-तीन वर्षांचं पोर दाणे तोंडात घालून पळतं, हसतं, दाणा श्वासनळीत. पोर खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडले, तर तान्ह्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खवाट्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या पोराला पुढं वाकवून पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर पाच हिसके. दिसत नसताना घशात बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे देऊच नयेत, कूट करून द्यावेत.

मण्यार चावली तर अनेकदा दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. रानात-ओसरीवर जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणत उठतो, पापण्या उचलत नाहीत, बोलणं जड होतं. तिचं विष श्वासाचे स्नायू लुळे करतं. मेंदूला ते थेट मारत नाही. म्हणजे दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याला कुणी श्वास देत राहिलं आणि तिथं यंत्रावर ठेवलं, तर तो पूर्ण बरा होऊन घरी येतो. मांत्रिकाकडं नेऊन वाटेत श्वास बंद पडला, तर नंतरच्या औषधानं विष उतरलं तरी मेंदू परत येत नाही. फिट आलेल्याला चप्पल, कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

एवढं करूनही कुणाच्या घरी मेंदूला इजा झालेला माणूस असेल, तर त्याच्या सेवेबद्दल बोलताना मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका आठवतात. अरुणा शानबाग ही तिथलीच तरुण नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका कामगारानं तिच्यावर अत्याचार केला, तेव्हा कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली. मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, ती त्याच रुग्णालयात होती, बोलणं-चालणं गेलेलं. सर्वोच्च न्यायालयात तिच्या दयामरणाचा अर्ज आला, तेव्हा या परिचारिकांनी त्याला विरोध केला. २०११ मध्ये न्यायालयानं अर्ज फेटाळला. कोण बरोबर हा प्रश्न मोठा आहे, मी त्यात पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इतकी वर्षं अंथरुणावर असून तिची पाठ त्यांनी नीट राखली, अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. दर पाळीला नवी बाई यायची आणि कुशी बदलायची. एकटीला हे जमलं नसतं. घरात मात्र आपण हे सगळं एकाच सुनेवर किंवा आईवर टाकतो.

घरी काय करायचं ते थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदला. भरवताना बसतं करून, मान थोडी पुढं, दाटसर घास. झोपवून भरवलं तर अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका. सांधे रोज हलवा. मूल असेल तर त्याला कोपऱ्यात पोती-उश्यांचा आधार देऊन बसवा, म्हणजे जग आढ्याकडं न बघता समोर बघायला शिकतं. अंगणवाडीत तपासणीला येणारं डॉक्टरांचं पथक, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आपल्या महाराष्ट्रातच पालघरला २०१३ मध्ये सुरू झाला. त्या दिवशी असं मूल घरात लपवू नका. पथक त्याला जिल्ह्याच्या लवकर-उपचार केंद्रात पाठवतं, तिथं व्यायामाचे, वाचेचे उपचार मिळतात, आणि जितकं लहान तितका फरक जास्त.

कागदांचंही मनावर घ्या. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, हे पहिलं काम. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, स्वमग्नता, बहुविकलांगता असलेल्यांना "निरामय" आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, त्यात व्यायामोपचारही धरतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. मूल अठरा वर्षांचं झालं की बँक आणि जमिनीच्या कामाला आईची सही आपोआप चालत नाही, कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं करायचा असतो. ज्यांना फॉर्म भरायला अडचण आहे त्यांनी आपल्या गावच्या सीआरपी ताईला पुढच्या बैठकीत आधार कार्ड, दवाखान्याचे जुने कागद, दोन फोटो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन भेटावं.